सोसायटीच्या गणपतीत मुलांची संगीत खुर्ची (भांडणं न होता) कशी घ्यायची

सहा वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीत "मुलांचे गेम्स तेवढे तू बघ" म्हणून कमिटीने माझ्या गळ्यात टाकलं आणि मीही हो म्हणून बसले, म्हटलं त्यात काय एवढं, खुर्च्या मांडायच्या आणि गाणं लावायचं. गाणं लावत मीच होते, थांबवत पण मीच होते, आणि जिंकला कोण, तर माझाच मुलगा. देवाशप्पथ मुद्दाम नव्हतं केलं. पण माझं तोंड मुलांकडे, बोट फोनवर, आणि आपलं पोर खुर्चीपासून लांब असलं की ते बोट आपोआप जरा रेंगाळतं, हे मला स्वतःला नंतर व्हिडिओ बघताना कळलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, फराळाचं ताट आलं तेव्हा कुठे मिटलं.

तेव्हापासून दरवर्षी गेम्स मीच घेतेय आणि चुका करत करत जे समजलंय ते इथे लिहितेय. वाढदिवस असो, शाळेचं गॅदरिंग असो, बोरन्हाण असो, थोड्याफार फरकाने हेच चालेल. एक गोष्ट आधीच सांगते कारण तीच मला सगळ्यात उशिरा कळली. संगीत खुर्चीत गाणं थांबवणाऱ्याने मुलांकडे बघायचंच नाही, आणि पार्सलमध्ये (गोलात बसून गाणं चालू असेपर्यंत पुडकं हातोहात फिरवायचं, तो खेळ) बघून बघूनच थांबवायचं. एकीकडे न बघणं म्हणजे न्याय, दुसरीकडे न बघणं म्हणजे अन्याय. दोन्ही गेम एकाच पद्धतीने घेतले की कुणीतरी रडत घरी जाणार हे नक्की.

काय काय लागतं

- बिनहाताच्या प्लॅस्टिक खुर्च्या (मंडपवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो हाताच्याच आणतो), आणि एक स्टूल
- खडू, सुतळी, शिट्टी
- स्पीकर, त्याची वायर, एक्स्टेंशन बोर्ड, पूर्ण चार्ज केलेला फोन, आणि त्याच गाण्यांचा दुसरा फोन
- सेकंदांच्या चिठ्ठ्या आणि एक डबा (खाली सांगते)
- मुलांची नावं, वयं लिहिलेला कागद आणि पेन. मोबाईलमध्ये नको, कागदच, कारण तो तीन जणांना एकदम बघता येतो
- जुने पेपर, सेलोटेप
- पाणी, कापूस, बँडेज, जखमेला लावायचं मलम

माणसं किमान चार हवीत. एक गाणं लावणारा, एक पंच, एक खुर्च्या उचलणारा, आणि एक जण फक्त आईवडिलांना सुतळीच्या बाहेर ठेवायला. शेवटचं काम सगळ्यात अवघड, तिथे आवाज असलेला माणूस द्या.

१. आदल्या दिवशी नावं घ्या

ऐनवेळी "कोण कोण खेळणार" विचारलं की पंचवीसची चाळीस मुलं होतात. आदल्या दिवशी आरतीनंतर नावं लिहून घ्या आणि गट पाडा. मी ४ ते ६, ७ ते ९ आणि १० ते १३ असे पाडते. पाच वर्षांचं पोर आणि बारा वर्षांचा दांडगा एका डावात आले तर ती संगीत खुर्ची राहत नाही, कुस्ती होते.

आणि लिंबूटिंबू. प्रत्येक ठिकाणी एक तरी अडीच-तीन वर्षांचं असतंच ज्याला ताईबरोबर खेळायचंच असतं. त्याला नाही म्हणू नका, पण खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर जाहीर करा की हा लिंबूटिंबू आहे, हा आऊट होणार नाही आणि हा मोजायचा पण नाही. मी हाताला रिबीन बांधते आणि मधोमध त्याची एक छोटी खुर्ची ठेवते, ती कुणी घ्यायची नाही. जाहीर केलं नाही ना, तर सातव्या डावाला कुणीतरी म्हणतंच की तो बसला म्हणून माझी खुर्ची गेली.

त्याच दिवशी कपड्यांचं पण सांगून टाका. गणपतीत मुली परकर-पोलक्यात, घागऱ्यात येतात, मुलं धोतर नेसून, आणि पायात पाय अडकून पडतात. खेळाला साधे कपडे. चपला काढायच्या, मोजे सुद्धा काढायचे, टाईल्सवर मोजे म्हणजे साबणच.

२. खुर्च्या गोल मांडा, रांगेत नाही

बरेच जण पाठीला पाठ लावून दोन रांगा करतात. दिसायला छान, पण रांगेच्या दोन्ही टोकांना वळसा घालताना समोर खुर्ची नसते, म्हणून चलाख मुलं बाजूला रेंगाळतात आणि टोक आलं की पळत सुटतात. साधीभोळी मुलं टोकाला सापडतात आणि आऊट. गोल मांडा, पाठी आत, बसायची बाजू बाहेर, दोन खुर्च्यांत सारखं अंतर. बाहेरून साधारण दोन फूट लांब खडूने गोल रेघ मारा. सगळ्यांनी त्या रेघेवरूनच पळायचं, हात खुर्चीला लावायचा नाही. खुर्च्या कमी झाल्या की गोल लहान करायचा आणि रेघ पुसून नवीन मारायची, हे लोक विसरतात, मग चार खुर्च्या मैदानभर पसरलेल्या आणि मुलं एकमेकांना धडकतायत.

पळायची दिशा दर डावाला उलटी करा. आणि कुणाच्या पुढे कोण उभं राहणार हे मुलांवर सोडू नका, दहा-वीस-तीस करून उभं करा, नाहीतर जिगरी दोस्त पुढेमागे उभे राहतात आणि एकमेकांसाठी खुर्च्या अडवतात. आमच्याकडे दोन जुळे भाऊ हे इतकं सफाईदार करायचे की मला दोन वर्षं कळलंच नाही.

३. गाणं आणि स्पीकर

यूट्यूबवरून डायरेक्ट लावू नका. गाण्याच्या मध्येच जाहिरात आली की अर्धी मुलं बसतात, अर्धी पळत राहतात, आणि मग "थांबलं होतं" "नव्हतं थांबलं" यावर पंधरा मिनिटं जातात. गाणी डाऊनलोड करून ठेवा आणि फोन फ्लाईट मोडवर टाका, मध्येच कुणाच्या मामाचा फोन येतो आणि गाणं आपोआप बंद पडतं.

वायर लावा, ब्लूटूथ नको. ब्लूटूथमध्ये तुम्ही पॉज दाबल्यावर आवाज बंद व्हायला थोडा उशीर होतो, स्पीकरप्रमाणे पाव सेकंदाच्या आसपास सुद्धा जातो. ऐकणाऱ्याला तो कळत नाही, पण जी मुलं तुमच्या बोटाकडे बघत पळत असतात त्यांना तेवढं पुरतं. हो, मुलं बोटाकडे बघतात, नवव्या वर्षानंतर सगळीच. काही ॲप्समध्ये गाणं हळूहळू बारीक होत थांबायचं सेटिंग असतं, ते पण आधी बंद करा. थांबणं असं पाहिजे की खटकन.

गाणी एका लयीची घ्या, सुरुवातीचं लांबलचक म्युझिक सोडून मधूनच लावा. शब्द आधी नीट ऐका, एखादं गाणं लग्नात चालतं पण सहा वर्षांच्या मुलांसमोर लाऊडस्पीकरवर नाही चालत. आरती आणि देवाची गाणी खेळाला लावू नका, कुणीतरी आजोबा नाराज होतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

वेळेचं म्हणाल तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर लावता येत नाही. गणपतीत ठराविक दिवशी बारापर्यंत सूट मिळते ती वेगळी, पण तिच्या भरवशावर मुलांचे गेम्स ठेवू नका. साडेआठनंतर मुलं कंटाळतात, भुकेजतात, आणि भांडणं नियमांमुळे कमी, भुकेमुळे जास्त होतात.

४. गाणं कधी थांबवायचं हे तुम्ही ठरवूच नका

पहिलं म्हणजे गाणं लावणाऱ्याचं स्वतःचं, भावाचं, जावेचं कुणाचंच पोर त्या गटात नको. दुसरं, त्याने मुलांकडे पाठ करून बसायचं. तिसरं, एवढं करूनही माणूस सवयीने कडवं संपलं की थांबवतो आणि मुलांना ते तिसऱ्या डावात कळतं, ती आधीच खुर्चीजवळ हळू होतात. म्हणून चिठ्ठ्या.

दहा चिठ्ठ्यांवर सेकंद लिहा. माझ्या डब्यात ७, ९, १२, १४, १८, २१, २५, २८, ३३ आणि ४० आहेत. दर डावाला एक चिठ्ठी काढायची, घड्याळ बघायचं, तेवढ्या सेकंदाला पॉज, मग गाणं कुठेही असो, शब्दाच्या मधे तुटलं तरी चालेल, उलट चांगलंच. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाका. बाहेर ठेवत गेलात तर शेवटी काय उरलंय ते मोठी मुलं बरोबर हिशोब करतात.

डबा सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवा. खरं सांगते, या डब्याने जितकी भांडणं मिटवली तितकी माझ्या समजावण्याने कधीच मिटली नसती. आईवडिलांना बोलायला काही उरतच नाही, चिठ्ठीला कोण काय बोलणार.

५. नियम आधी सांगा, मोठ्याने, आणि एकदा मुलांकडून म्हणून घ्या

हे सांगायचं:

- खुर्चीवर बूड जास्त कुणाचं, त्याची खुर्ची. सारखं वाटलं तर दोघं आत, डाव परत.
- कुणी मांडीवर बसलं तर खालचा आत, वरचा आऊट.
- खुर्ची ओढली, ढकलली तर ओढणारा आऊट. खुर्ची आपोआप उलटली तर डाव परत.
- ढकलाढकलीला एकदा ताकीद, दुसऱ्यांदा आऊट.
- पंच एकच, आणि तो पाच सेकंदात सांगणार.

व्हिडिओ बघून निर्णय द्यायचा नाही, हे पालकांना ऐकू जाईल असं सांगा. एका वर्षी आम्ही बघितला. तीन मोबाईल, तीन बाजू, तीन वेगळे निकाल, आणि ज्या दोन मुलांचं भांडण होतं ती तोपर्यंत प्रसाद खायला निघून गेली होती.

पाच सेकंदात पंचाकडून चूक होईल का, तर होईल. पण तीच चूक दहा मिनिटांनी केली तर जास्त वाईट दिसते.

६. आऊट झालेल्या मुलांचं काय

हा खरा प्रश्न. २४ मुलं घेतली आणि दर वेळी एकच खुर्ची काढली तर २३ डाव होतात. गाणं, बसणं, वाद, खुर्च्या सरकवणं धरून डावाला सहज एक-दीड मिनिट जातं, म्हणजे पहिला आऊट झालेला अर्धा तास नुसता उभा. आणि पहिला आऊट कोण होतो, तर जो लहान, जो हळू, जो लाजरा. ज्याला खेळायची सगळ्यात जास्त गरज तोच सगळ्यात कमी खेळतो.

मी असं करते. २४ असतील तर पहिले चार डाव तीन-तीन काढते, म्हणजे १२ उरतात. मग तीन डाव दोन-दोन, ६ उरतात. मग एक-एक. बारा डावांत गेम संपतो. लक्षात ठेवा, तीन आऊट करायचे तर पहिल्याच डावाला खुर्च्या २१ मांडायच्या, २३ नाही, मी हे एकदा चुकलेय आणि पूर्ण गट माझ्याकडे बघत उभा होता.

आऊट झालेल्यांना बाजूला स्टॅच्यू लावून द्या, तेच गाणं त्यांना चालतं. त्यांना पंच मात्र करू नका. मुलं मैत्रिणीला वाचवतात आणि जिच्याशी कट्टी आहे तिला काढतात, अगदी चेहरा सरळ ठेवून.

४ ते ६ च्या गटात तर मी आऊट करतच नाही. खुर्च्या कमी करायच्या, मुलं तेवढीच, आणि सगळ्यांनी मिळून उरलेल्या खुर्च्यांवर मावायचं. शेवटी चार खुर्च्यांवर दहा चिमुरडी एकमेकांना धरून बसतात. इथे खुर्च्या दणकट घ्या, एकात एक दोन घालून ठेवल्या तर वाकत नाहीत, आणि एक मोठं माणूस जवळ उभं राहू दे.

७. फायनलला खुर्ची काढून स्टूल ठेवा

दोन मुलं, एक खुर्ची. खुर्चीला बसायची बाजू एकच, त्यामुळे गाणं थांबताना जो समोर असेल तो जिंकला, जो पाठीमागे असेल त्याने कितीही पळून काय उपयोग. म्हणजे सगळा गेम नियमाने घेतला आणि शेवट छापा-काटा. स्टूलवर कुठूनही बसता येतं. गोल जरा मोठा मारा, दोघांना समोरासमोरच्या टोकांवरून सुरू करू द्या आणि तीनपैकी दोन डाव जिंकेल तो पहिला. एका डावावर निकाल लावू नका.

८. पार्सल: इथे मात्र डोळे उघडे

काही घरी उशी फिरवतात, काही ठिकाणी पार्सल. पार्सल असेल तर जितकी मुलं तितके पेपरचे थर, आणि सगळ्यात आत बक्षिसाचा एक. थराला सेलोटेपचा एकच तुकडा लावा, जास्त लावले तर लहान मुलांना उघडताच येत नाही आणि मग आई धावत येते. प्रत्येक थरात एक गोळी आणि एक चिठ्ठी.

इथे गाणं लावणाऱ्याने मुलांकडे तोंड करून बसायचं, हातात यादी, आणि ज्याचा नंबर आला त्याच्यापुढे टिक. नशिबावर सोडलं तर पंधरा मुलांत एकाला तीनदा येतं आणि चौघांना एकदाही नाही. म्हणून प्रत्येकाला एक थर मिळेपर्यंत बघून थांबवा, आणि सगळ्यात आतला बक्षिसाचा थर उरला की पाठ करा, डबा काढा, चिठ्ठी काढा. मुलांना हे आधीच सांगून टाकते मी, "प्रत्येकाला एकदा मिळणार, शेवटचं नशीब". चोरून केलं की चिटिंग वाटतं, सांगून केलं की नियम.

पार्सल दोघांच्या हातात असताना गाणं थांबलं तर ज्याने दिलं त्याचं. हा नियम उलटा ठेवला तर मुलं ते गरम बटाटा असल्यासारखं शेजारच्याच्या अंगावर फेकतात. पंधरापेक्षा जास्त मुलं असतील तर दोन गोल आणि दोन पार्सल करा.

चिठ्ठ्यांत काय लिहायचं यावर पाच मिनिटं विचार करा. "माकडासारखं नाच", "तुला कोण आवडतं ते सांग" असलं काही नको. गाणं म्हण, प्राण्याचा आवाज काढ, तीन फळांची नावं उलटी सांग, असलं ठेवा. लाजऱ्या मुलाला चिठ्ठी एकदा बदलायची मुभा द्या. आणि खाऊ ठेवायचा तर शेंगदाणे, अंडं याचं घरी आधी विचारा.

९. स्टॅच्यू आणि पेपर डान्स

स्टॅच्यूत अन्याय पंचाच्या जागेमुळे होतो. जवळची मुलं हललेली दिसतात, मागची दिसत नाहीत, म्हणून पुढे नाचणारी हौशी पोरं आधी आऊट. जागेचे खडूने तीन भाग करा, तीन पंच, प्रत्येकाने आपलाच भाग बघायचा. थांबल्यावर मोठ्याने तीन आकडे मोजा. डोळे मिचकावणं, श्वास, खोकला चालेल. हसू आलं तर? मी हसू माफ करते, काही जण नाही करत, काय ते आधी सांगा.

पेपर डान्सला (कागदावर नाचायचं, पाय बाहेर गेला की आऊट) सगळे कागद एकाच पेपरचे घ्या, पुरवणीचं पान लहान असतं. दर वेळी अर्धी घडी, तीन घड्या झाल्या की आठवा भाग उरतो आणि तिथे पायाच्या मापावर निकाल लागतो, म्हणून वयोगट मोडू नका. टाईल्सवर कागद सरकतो. सतरंजीवर घ्या.

१०. कुणाला ऐकू कमी येत असेल, व्हीलचेअर असेल

आईवडिलांना आदल्या दिवशीच विचारा, त्यांना माहीत असतं काय चालेल. ऐकू कमी येणारं मूल असेल तर गाणं थांबताना ओढणी किंवा झेंडा खाली करायचा, आणि तो सगळ्यांसाठी असतो असं जाहीर करायचं. इथे ब्लूटूथ असेल तर झेंडा आधी आणि आवाज नंतर थांबतो, आणि झेंडा बघणाऱ्यांचा फायदा होतो, म्हणून परत तेच, वायर. व्हीलचेअरवरचं मूल असेल तर सगळ्यांच्याच खुर्च्या काढा आणि जमिनीवर खडूने मोठे गोल काढा, गोलात पोचलात की झालं. मोठ्या आवाजाचा त्रास होणारा एक मुलगा आमच्याकडे आहे, तो स्पीकरपासून लांब बसून चिठ्ठ्या काढतो आणि ते काम तो दुसऱ्या कुणालाही देत नाही.

११. पाऊस आला तर

मंडपाला गळती लागली, लाईट गेली, की अंताक्षरी. फक्त ण आणि ळ चं आधी ठरवा. मराठीत ळ ने काही सुरू होत नाही आणि गाणी मात्र बाळ, काळ, सकाळ वर येऊन थांबतात. ळ आला तर ल, ण आला तर न. आमच्याकडे एकदा ण वर सगळे अडले आणि एका जैन मुलीने शांतपणे णमोकार मंत्र म्हटला, गाणं नाही म्हणून समोरची टीम भांडली, मी पॉइंट दिला.

१२. बक्षिसं

महाग ठेवू नका, बक्षीस जितकं मोठं तितके पालक सुतळीच्या आत येतात. तिन्ही गटांना सारख्या किमतीची, पहिलं आणि दुसरं, आणि बाकी सगळ्यांना पेन्सिल नाहीतर खोडरबर. उत्तेजनार्थ वगैरे चार-पाच जणांनाच देऊ नका, उरलेल्यांना वाटतं आपल्याला उत्तेजन पण नाही.

मग खुर्च्या मोजून मंडपवाल्याला परत द्या, पेपरचे बोळे उचलायला जिंकलेल्यांपासून सगळ्यांना लावा, आणि चिठ्ठ्यांचा डबा कमिटीच्या कपाटात न ठेवता घरी न्या. कपाटातला आमचा एक डबा विसर्जनाच्या सामानाबरोबर कुठे गेला तो आजतागायत सापडलेला नाही.